पीकपाहणीच्या रकान्यातला माणूस

२०१९ सालच्या मार्च महिन्यात आमच्या गावच्या चावडीवर एक यादी लागली. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे दोन हजार रुपये ज्यांच्या खात्यात जमा व्हायचे, त्यांची ती यादी. गाव रोहे तालुक्यातले, नागोठण्याच्या अलीकडचे. गावाचे नाव मी सांगत नाही, कारण जे सांगायचे आहे ते त्या एका गावापुरते नाही. यादीत माझा चुलतभाऊ नव्हता. साठी ओलांडलेला हा माणूस चाळीस वर्षे एकाच खातेदाराचे दीड एकर भातशेत अर्धेलीने कसत आला आहे. खातेदार मात्र यादीत होते. ते डोंबिवलीला राहतात, तिथे त्यांचे किराणा मालाचे दुकान आहे, आणि शेताच्या बांधावर ते वर्षातून एकदा, तांदळाची पोती न्यायला येतात. माणूस वाईट नाही. चुलतभाऊ मला म्हणाला, "दादा, नांगर माझा, बियाना माझा, मंग सन्मान त्यांचा कसा रं?"

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. तरी या प्रश्नाचे उत्तर त्याला एका वाक्यात देता आले नाही. एका वाक्यात देण्यासारखे ते नाहीच. योजनेचा नियम तसा साधा आहे. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याच्या नावे लागवडीची जमीन आहे, त्याचे कुटुंब पात्र. वर्षाला सहा हजार रुपये, तीन हप्त्यांत. सुरुवातीला दोन हेक्टरांची मर्यादा होती, तीही त्याच वर्षी जूनमध्ये निघाली. २०२३ पासून राज्य सरकारने नमो शेतकरी महासन्मान निधी म्हणून आणखी सहा हजार त्यात घातले. नियमात शब्द शेतकरी असला तरी कसोटी शेतकऱ्याची नाही, सातबाऱ्याची आहे. तेव्हा प्रश्न असा विचारावा लागतो की, पेण-रोह्याकडच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव कसे आले, आणि कोणाचे कसे आले नाही.

आमच्या भागाची जमीन दोन जातींची. डोंगराच्या पायथ्याला गोडी शेती आणि वरकस. खाडीच्या अंगाला खारपाट. पेणचा खारपाट म्हणजे समुद्राकडून हिसकावून घेतलेली जमीन. बाहेरचा मोठा बांध, पाणी सोडायला उघाडी, आत भाताची खाचरे. उधाणाला बांधाला खांड पडली की खारे पाणी आत शिरते, आणि मग दोन-तीन पावसाळे जमीन धुतल्याशिवाय दाणा येत नाही. या बांधांच्या देखभालीसाठी पेणकडे शिलोत्री नावाची जुनी पद्धत होती. समुद्रबांध राखायची जबाबदारी शिलोत्रीदाराची, आणि त्याबद्दल कसणाऱ्याने दर बिघ्यामागे भाताचा ठराविक वाटा त्याला द्यायचा. बांध राखण्याचा पैसा असा आधी कसणाऱ्याच्याच कोठारातून निघत असे. चिखलाची ढेकळे डोक्यावरून वाहणारे हातही त्याचेच. पण जमिनीवरचा हक्क, मान आणि पुढे नोंद मात्र बांधाच्या मालकाची. सार्वजनिक कामासाठी पैसा गोळा करणे आणि तो खालच्याकडून वरच्याकडे वाहणे ही गोष्ट आमच्याकडे दिल्लीच्या योजनेने आणलेली नाही.

गोड्या शेतीत खोत होता. देशावर महाराला वतन होते; ते वतन म्हणजे गुलामीची सनद होती हे बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक आणून दाखवून दिले, तरी निदान कागदावर नावाचा एक तुकडा होता. कोकणात तशी मोठी वतने फारशी नव्हती. इथला महार खोताचे शेत कसायचा, खोताचा निरोप पोचवायचा, खोताच्या लग्नात लाकडे फोडायचा, आणि उरलेल्या दिवसांत मेलेले ढोर ओढायचा. सरकारच्या दप्तरात तो कुठेच नव्हता. सारा खोत भरी, म्हणून सरकारला खोत दिसे. इंग्रजांनी १८८३ आणि १८८४ साली तगाईचे दोन कायदे केले. पहिला जमीनसुधारणेच्या कर्जाचा, दुसरा बैल-बियाण्याच्या कर्जाचा. तगाईला तारण लागे, जामीन लागे. ज्याच्या नावे काहीच नाही त्याला कोण जामीन राहणार? माझे आजोबा बियाण्यासाठी खोताकडेच जात आणि सुगीला दीडपट मोजून देत. तगाई खोताला मिळत होती की नाही हे मला ठाऊक नाही, पण सवाई-दिढीचा हिशोब आजीला मरेपर्यंत पाठ होता.

आता १९३३ सालाकडे येतो, कारण त्या एका वर्षात जगाच्या दोन टोकांना एकच नाटक चालले होते, आणि आपल्या अभ्यासक्रमात त्यातले एकही शिकवत नाहीत.

अलिबागजवळच्या चरी गावात त्या वर्षी ऑक्टोबरात कुळांची सभा झाली आणि खोतांची शेते कसायची नाहीत असा ठराव झाला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली आसपासच्या सुमारे पंचवीस गावांतली कुळे, त्यांत बहुसंख्य आगरी, सहा वर्षे संपावर राहिली. १९३३ ते १९३९. सहा पावसाळे खाचरे पडीक. लोकांनी रानातली लाकडे विकली, खाडीत मासे धरले, भाजीपाला लावला, उपास काढले, पण नांगर धरला नाही. १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला आले. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह याच कुलाबा जिल्ह्यात सहा-सात वर्षांपूर्वी झाला होता. पाण्यासाठी लढलेला माणूस आता जमिनीसाठी आगरी कुळाच्या शेजारी उभा राहत होता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताला भरपाई देऊन त्याला मधून काढावे आणि प्रत्यक्ष जमीन धारण करणाऱ्याचा सरकारशी थेट संबंध जोडावा, असा त्याचा गाभा. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली हजारो कुळे मुंबईच्या रस्त्यावरून कौन्सिल हॉलवर गेली. विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. खोती प्रत्यक्षात १९४९ च्या कायद्याने गेली.

त्याच १९३३ साली मे महिन्यात अमेरिकेत शेती समायोजनाचा कायदा झाला. मंदीने कापसाचे भाव कोसळले होते. म्हणून सरकारने ठरवले की कापूस कमी पिकवावा आणि जो जमीन पडीक ठेवील त्याला पैसे द्यावे. पैसे जमीनमालकाच्या नावे निघाले. त्यातला काही वाटा मालकाने आपल्या बटाईदाराला द्यावा, अशी अपेक्षा होती. दक्षिणेकडच्या मालकांनी वाटा देण्यापेक्षा बटाईदारालाच काढून टाकणे पसंत केले; पडीक जमिनीला बटाईदार लागतो कशाला? हे बटाईदार काळे होते, गोरेही होते. जुलै १९३४ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या टायरोन्झा या गावी त्यांनी काळ्या-गोऱ्यांची एकत्र संघटना काढली, सदर्न टेनंट फार्मर्स युनियन. चरीचा शेतकरी आणि टायरोन्झाचा शेतकरी यांना एकमेकांचे नाव माहीत असण्याचे कारण नाही. चरीत कुळाने जमीन पडीक ठेवली ती हक्कासाठी. तिकडे मालकाने पडीक ठेवली ती सरकारी पैशासाठी. पण सरकारी पैसा जमिनीच्या नावाने निघाला की तो कसणाऱ्याला ओलांडून जातो, आणि कधीकधी कसणाऱ्याला उठवूनही लावतो, हे तिथल्या लोकांनी आपल्याआधी पंचाऐंशी वर्षे भोगले. आमच्या पिढीने अमेरिकेतल्या काळ्यांचे साहित्य वाचले, ब्लॅक पँथरवरून स्फूर्ती घेतली. त्यांच्या शेतीचा इतिहास मात्र वाचायचा राहून गेला. काळ्या शेतकऱ्यांना कर्ज आणि अनुदान नाकारल्याबद्दल तिथल्या शेती खात्याला १९९९ साली न्यायालयात तडजोड करून भरपाई द्यावी लागली. सहासष्ट वर्षे गेली मध्ये.

पुन्हा घरी येतो. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जे कूळ जमीन कसत असेल ते कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले जाणार. कागदावर ही क्रांती होती, आणि अनेक आगरी, कुणबी कुळांच्या घरी ती खरोखर आली. हे मान्य न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या वाड्यात ती का आली नाही हे सांगण्यासाठी एक तारीख सांगितली पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६. नागपूरच्या धर्मांतरानंतर आमच्या वाड्यानेही देव पाण्यात सोडले, मेलेले ढोर ओढायचे बंद केले, खोताच्या लग्नातली लाकडे फोडायचे बंद केले. गावाने वाड्यावर बहिष्कार टाकला. दुकानदार मीठ देईना, गिरणीवाला दळण घेईना. मी सात वर्षांचा होतो, पण आईने पाट्यावर भरडलेल्या कण्यांची चव अजून जिभेवर आहे. आणि याच साडेपाच महिन्यांत, ऑक्टोबर ते मार्च, गावोगाव मालक मंडळी पीकपाहणीचा रकाना दुरुस्त करून घेत होती.

सातबाऱ्यात वर सात म्हणजे मालकी, खाली बारा म्हणजे पीक. बाराच्या भागात जमीन कोण कसतो याचा रकाना असे. तिथे कुळाचे नाव असले तर कृषक दिनाला त्याला आधार. तिथे 'खुद्द' लिहिले असले तर कूळ नुसता गडी. आमच्या घराकडे तीन तुकडे कसायला होते. दोन तुकड्यांच्या मालकाने बाबांना बोलावून सांगितले, "जमीन कसायची तर कस, पण नाव लावता येणार नाही. कूळ लागेल." बाबांनी मान हलवली. बहिष्कारात असलेला माणूस, घरात पाच तोंडे, तो काय भांडणार? रकान्यात 'खुद्द' पडले. तिसरा तुकडा, बावीस गुंठ्यांचा, ज्याचा मालक मुंबईला होता, त्यावर आजोबांचे नाव आधीपासून लागलेले होते, आणि ते खोडायची आठवण त्याला राहिली नाही. पुढे ३२ ग ची सुनावणी झाली, किंमत ठरली, हप्ते भरले, जमीन आमची झाली. बावीस गुंठे आमच्या लढ्यामुळे आले असे सांगायला मला आवडले असते. ते एका माणसाच्या विसराळूपणामुळे आले.

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला तेव्हा तुरुंग भरले. बाबाही महिनाभर आत होते. त्या सत्याग्रहाचा अर्थ मला उशिरा कळला. गायकवाड पडीक जमीन तर मागत होतेच, पण त्याहून जास्त ते नोंद मागत होते. आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९५१ साली तेलंगणात पोचमपल्लीच्या हरिजनांसाठी जमीन मागितली आणि भूदानाची चळवळ उभी राहिली. मागणे तिथल्या दलितांचे होते, ऐंशी एकरांचे. ते हक्काच्या भाषेत राहिले असते तर काय झाले असते, असा विचार मी पुष्कळदा करतो. ते दानाच्या भाषेत गेले. अनुदान या शब्दातही दान आहेच. तगाई, तहकुबी, सूट, दान, अनुदान, आता सन्मान. शब्द चढत गेले, रकाना तोच राहिला.

त्यानंतरचे सगळे लिहीत बसत नाही. दोन प्रसंग मात्र सांगतो. २४ जुलै १९८९ ला अंबा नदीला महापूर आला. जांभूळपाडा बुडाले, नागोठण्यात पाणी शिरले, आमच्या गावची लावलेली शेते गाळाखाली गेली. पंचनामे झाले. पंचनाम्यात नाव खातेदाराचे. चुलतभावाने लावलेले भात वाहून गेले, मजुरी वाहून गेली, उसनवारीचे बियाणे वाहून गेले, पण कागदोपत्री त्याचे नुकसान काहीच झाले नव्हते. पंचनामा करणाऱ्याने मुद्दाम काही केले नाही. त्याच्यापुढच्या छापील तक्त्यात खातेदाराचा रकाना होता, दुसरा नव्हता.

दुसरा प्रसंग फळबागांचा. १९९० पासून रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली. राज्यभर आंबा, काजू, डाळिंब लागले, चांगले झाले. आमच्या बाजूला वरकस जमिनीवर आमची माणसे नाचणी, वरी करीत, राबासाठी टहाळ तोडीत, गुरे चारीत. मालकाला त्या माळाची किंमत नव्हती, म्हणून तो फिरकत नसे. कलमांना अनुदान मिळते म्हटल्यावर तीस वर्षे न फिरकलेले मालक जागे झाले. कुंपणे पडली. आमच्या वाड्यातल्या चार घरांची वरी त्या वर्षी संपली ती कायमची. टायरोन्झाची गोष्ट मी पुढे वाचली तेव्हा मला ही कुंपणे आठवली.

दलितांसाठी खास योजना आहेत, त्यांचे काय, असे कोणी विचारील. २००४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्याच नावाने सबळीकरण आणि स्वाभिमान योजना आहे. भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. २०१८ पासून ती शंभर टक्के अनुदानाची झाली, आणि कमाल भाव ठरला जिरायतीला एकरी पाच लाख, बागायतीला आठ लाख. मुंबई-गोवा महामार्गालगत, जिथे गुंठ्यावर बोली होते, तिथे या भावाने कोण विकणार? २०१७ पासूनच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत विहिरीला पैसे मिळतात, पण आधी स्वतःच्या नावावर जमीन हवी, विहिरीसाठी निदान एक एकर. माझ्या भावाकडे बावीस गुंठे आहेत. नाव बाबासाहेबांचे, अट सातबाऱ्याची. बाबासाहेबांनी स्वतः १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये मांडले ते याच्या अगदी उलट होते. जमीन राज्याच्या मालकीची असावी, जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी द्यावी, बैल, बी, खत, पाणी राज्याने पुरवावे. कोणी जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूर नाही. राज्याच्या पैशाला त्यांचा विरोध नव्हता. मालकीच्या वाटेने तो गेला तर कुठे जाईल, हे त्यांनी ओळखले होते.

ओडिशाने २०१८-१९ साली 'कालिया' योजनेत बटाईदार आणि भूमिहीन मजूर घेतले. आंध्राने २०१९ मध्ये दलित, आदिवासी, मागास आणि अल्पसंख्य खंडकऱ्यांना रयतु भरोशात घेतले. नोंद नसलेला कसणारा सरकारला शोधता येत नाही असे नाही. शोधायची इच्छा असली की तो सापडतो.

इथेच थांबलो असतो तर लेख सोयीचा झाला असता. पण आमच्या बावीस गुंठ्यांची गोष्ट राहिली आहे.

मला निवृत्तिवेतन आहे, म्हणून मी सन्मान निधीच्या यादीत बसत नाही. माझा धाकटा भाऊ बसतो. तो पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो, त्यामुळे पावसाच्या तोंडावर त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. जमीन वाडीवरचा एक कातकरी कसतो. वडिलांपासून दळीची थोडी जमीन त्याच्याकडे आहे. जंगलातले दळीचे तुकडे पूर्वी एका नाईकाच्या नावे दिलेले असत आणि बाकीची घरे त्याच्या मागे. याच्या बापाचे नाव मागल्या घरांत होते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्याने दावा टाकला, तो अजून टाकलेलाच आहे. दिवाळीनंतर तो बायकापोरांसह वीटभट्टीवर जातो, पावसाळ्याला परत येतो, आमची चिखलणी करतो, त्याची बायको आवणी करते, आणि अर्धे भात आमच्या घरी आणून घालतो. भावाच्या खात्यात वर्षाला बारा हजार येतात.

२०२३ च्या खरिपात सरकारने एक रुपयात पीकविमा दिला, तेव्हा तो माझ्याकडे आला. त्याला कोणीतरी सांगितले होते की खंडाने कसणारालाही विमा मिळतो, फक्त नोंदणी केलेला भाडेकरार पाहिजे. ही माहिती बरोबर होती. तो दारात उभा राहिला, आत ये म्हटले तरी आला नाही. म्हणाला, "गुरुजी, तुमी शिकलेलं. तेवढा कागद लिवून द्या माझ्या नावाचा. भात गेला तं माझा जातो."

मी भावाला फोन केला. कागदाचे सांगितले, बारा हजारांतला काही वाटा त्याला द्यावा हेही सांगितले. वाट्याला तो लगेच तयार झाला. त्या दिवाळीला त्याने चार हजार दिले, आणि पुढेही देतो आहे. कागदाला मात्र तो गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, पैसे पायजे तर आनखी देऊ. पन कागद नको. कूळ लागेल."

कराराचा मसुदा मी त्याच आठवड्यात लिहिला होता. दोन्ही बाजूंची नावे घालून, गट क्रमांक घालून. भावाची सही व्हायची आहे. एक रुपयाचा विमा २०२५ साली बंद झाला. कातकरी या वर्षीही आवणीला आला. मसुद्याचे त्याने पुन्हा विचारले नाही.